बटणाएवढा सेन्सर आणि ३०० युनिटचा उंबरठा

कोलशेतकर | ९ मार्च, रात्री १०:४०

मंडळी, धागा लांबणार आहे. चहा घेऊन बसा.

आमचं महावितरणचं बिल एसी बंद असलेल्या महिन्यांत २४०-२४५ युनिटच्या आसपास असतं. फेब्रुवारीचं आलं ३१२. घरात नवीन काही आलं नाही, पाहुणे आले नाहीत, एसीवर तर अजून गेल्या वर्षीची चादर आहे. ज्यांना टप्पे माहीत आहेत त्यांना कळेल, ३०० ओलांडलं की वरच्या युनिटांना पुढचा दर लागतो. म्हणजे दुखणं दोन्हीकडून.

सौ.चं मत पडलं, मीटर पळतंय. मुलाचं मत, आई टीव्ही लावून झोपते. मी म्हटलं, मोजून बघू.

आमच्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय, ३२०० पल्स म्हणजे एक युनिट. एवढं वाक्य मी बारा वर्षं पाहतोय, पण कधी वाचलं नव्हतं. रात्री अकरा वाजता मुलाला वर फोनवर ठेवलं, फ्रिज सोडून सगळे एमसीबी (मेन बोर्डावरचे खटके) पाडायला लावले आणि मी खाली मीटररूममध्ये उकिडवा बसलो, हातात मोबाइलचं घड्याळ. पाच मिनिटांत ४० वेळा लुकलुकलं. ४० भागिले ३२००, गुणिले १२. तासाला ०.१५ युनिट, म्हणजे १५० वॅट. फ्रिजचा कॉम्प्रेसर चालू असताना एवढं ठीकच आहे.

पाऊण तासाने पुन्हा खाली. ४०. पहाटे साडेपाचला पुन्हा. ४०. (मार्च महिन्यात रात्रीतून तीनदा पंखे बंद पाडल्याबद्दल घरच्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही.)

खोच इथेच होती. फ्रिज जास्त वीज *ओढत* नव्हता, तो *थांबत* नव्हता. १५० वॅट दिवसभर म्हणजे ३.६ युनिट, महिन्याला १०८. धड फ्रिज तासातली वीस-पंचवीस मिनिटं चालतो, महिन्याला चाळीसेक युनिट. फरक साधारण ६५. २४५ अधिक ६५, हिशोब जवळजवळ जुळला.

मेकॅनिक आला, फ्रीझरच्या आतला मागचा पत्रा काढला. मागे बर्फाची भिंत! कॉइल दिसतच नव्हतं. पंख्याची पातीसुद्धा अर्धी बर्फात. त्याने बर्फ वितळवणारा हिटर तपासला, तो ठणठणीत. मग कॉइलवरून शर्टाच्या बटणापेक्षा थोडी मोठी चकती काढली, दोन वायरी असलेली. "साहेब, बायमेटल गेलाय." हा प्राणी गारठला की सर्किट जोडतो, गरम झाला की तोडतो. वितळवायची वेळ झाली की टायमर हिटरकडे वीज पाठवतो, पण ती या चकतीतून जाते. चकती उघडीच अडकली होती, त्यामुळे हिटरला वीज मिळत नव्हती, बर्फ वितळत नव्हता, गार हवा खाली येत नव्हती. खालचा कप्पा गरम, म्हणून थर्मोस्टॅटला वाटायचं अजून गार व्हायचंय, म्हणून कॉम्प्रेसर चालूच. आणि वर फ्रीझरमध्ये आइस्क्रीम दगड, त्यामुळे आम्हाला वाटत होतं फ्रिज एकदम फर्स्टक्लास आहे. खाली दूध दोनदा नासलं तेव्हा आम्ही दूधवाल्याला बोललो. बिचारा.

सगळे मिळून साडेनऊशे रुपये घेतले.

तर आता माझं कुतूहल चाळवलंय. घरातल्या बाकीच्या यंत्रांत असे किती सेन्सर बसलेत, कोण काय मोजतं, आणि त्यांच्यामुळे वीज खरंच वाचते का? जाणकारांनी लिहावं.

---

तलावपाळीची_सखी | ९ मार्च, रात्री ११:०५

वाचून मी उठून आमच्या फ्रिजचा आवाज ऐकून आले. चालू आहे. दहा मिनिटांनी पुन्हा जाते.

एक बाळबोध प्रश्न. फ्रिजमधलं ते १ ते ७ आकड्यांचं बटण, ७ म्हणजे जास्त गार की जास्त गरम? आमच्याकडे यावर सासूबाई आणि मी, दोन पक्ष आहेत.

---

कोलशेतकर | ९ मार्च, रात्री ११:१२

७ म्हणजे जास्त गार. सासूबाई कुठल्या पक्षात आहेत ते आधी सांगा, मग उत्तर बदलता येईल.

---

सोल्डरगन | १० मार्च, सकाळी ७:२०

ऐरोलीहून. आयुष्य सर्किट बोर्ड दुरुस्त करण्यात गेलं, आता निवृत्त, त्यामुळे असे धागे दिसले की हात शिवशिवतात.

कोलशेतकर, तुमच्या मीटररूमच्या तपश्चर्येला नमस्कार. लोक बिल आलं की थेट नवीन फ्रिजच्या चौकशीला गोखले रोडला जातात.

तुमच्या चकतीला सेन्सर म्हणताना मी थोडा अडखळेन. ती मोजत नाही, फक्त हो किंवा नाही म्हणते. जुन्या फ्रिजचा थर्मोस्टॅटही त्याच जातीचा. आत एक बारीक नळी असते, तिच्यात गॅस, तो थंडीने आकसतो आणि गरमीने फुगतो, त्यावर खटका पडतो. त्या सातच्या बटणाने आपण त्या खटक्याची स्प्रिंग कमी-जास्त ताणतो, बस.

खरा मोजणारा म्हणजे थर्मिस्टर. मोहरीपेक्षा जरा मोठा काळा मणी, दोन वायरी. तापमान वाढलं की त्याचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, कमी होतो. एसीमध्ये बऱ्याचदा २५ अंशाला १० किलोओहमचा असतो, शून्य अंशाला तोच साधारण तिप्पट दाखवतो. मल्टिमीटर लावून बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवा, आकडा डोळ्यांदेखत चढताना दिसतो. माझ्या नातवाला हा खेळ मोबाइलपेक्षा आवडतो (दहा मिनिटं).

वीज कशी वाचते ते या फरकातच आहे. खटक्याला फक्त "झालं" आणि "नाही झालं" कळतं. मग कॉम्प्रेसर पूर्ण ताकदीने चालणार किंवा पूर्ण बंद. मण्यामुळे यंत्राला कळतं की *किती* उरलंय. अर्धा अंश उरला असेल तर इन्व्हर्टर कॉम्प्रेसर (वेग कमी-जास्त करू शकणारा) हळू फिरतो. कोपरीहून ठाणे स्टेशनला गाडीने जाताना दर सिग्नलला जोरात पळवून ब्रेक मारला तर पेट्रोल किती जातं, आणि सावकाश सरकत गेलं तर किती, तसं समजा. पण मणी एकटा काही वाचवत नाही. तो सांगतो, वाचवणारा इन्व्हर्टर वेगळा. साध्या कॉम्प्रेसरला मणी लावून "स्मार्ट सेन्सर" असं स्टिकर लावलेली मॉडेल मी पाहिली आहेत.

तुमच्या बर्फाचंच घ्या. जुन्या फ्रिजमध्ये टायमर असतो, कॉम्प्रेसर आठ-बारा तास चालला की हिटर लावायचाच, बर्फ असो वा नसो. नव्या फ्रिजमध्ये दार किती वेळा उघडलं, कॉम्प्रेसर किती चालला हे मोजून मग ठरवतात. जानेवारीत कोरड्या हवेत बर्फ कमी धरतो, तेव्हा हिटर कमी वेळा लागतो. जुलैत ठाण्याची हवा पिळली तर पाणी निघेल, तेव्हा जास्त वेळा. टायमरला जुलै आणि जानेवारी सारखेच.

---

उगीच_शंका | १० मार्च, सकाळी ९:४८

सगळं खरं, पण मला यात एक मेख दिसते. माझ्या आजीचा नौपाड्यातला एका दाराचा फ्रिज पंचवीस वर्षं चालला. त्यात एक खटका. बर्फ झाला की आजी रविवारी फ्रिज बंद करून खाली पातेलं ठेवायची. डिफ्रॉस्ट (बर्फ वितळवणाऱ्या) सेन्सरचं नाव: आजी.

आता माझ्या चार वर्षांच्या फ्रिजचा बोर्ड गेला. खर्च सांगितला पाच हजारांच्या वर. वर्षाला समजा १०० युनिट वाचत असतील, तर त्या वाचलेल्या पैशातून बोर्ड फिटायला किती वर्षं लागतील? गणित करा आणि मग सेन्सरच्या आरत्या म्हणा.

दुसरं. घरातल्या बाथरूमला मी हौसेने हालचाल ओळखणारा बल्ब लावला. ९ वॅटचा. आमचं बाथरूम दिवसातून जेमतेम तासभर वापरात असतं, म्हणजे महिन्याला ०.२७ युनिट. आणि तो सेन्सर चोवीस तास जागा राहायला अर्धा वॅट घेतो, महिन्याला ०.३६ युनिट. दिव्यापेक्षा राखणदार महाग! वर आंघोळ करताना हालचाल कमी झाली की अंधार.

---

सोल्डरगन | १० मार्च, सकाळी १०:३०

आजीशी स्पर्धा नाही. ती मोजायची, ठरवायची आणि पातेलंही रिकामं करायची.

बोर्डाचं म्हणणं मान्य आहे. पण एक सांगतो, ऐरोलीत मी जे "बोर्ड गेला" म्हणून आलेले पाहिले त्यातल्या बऱ्याच जणांचा फक्त कनेक्टर काळा पडलेला होता. खाडीची दमट हवा आणि नाल्याचा वायू, तांबं-पितळ खातो. मण्याच्या वाटेत असा काळा थर बसला की रेझिस्टन्स वाढतो. यंत्राला वाटतं, अरे खूपच गार झालं, आणि ते थांबतं. इकडे दूध नासतं. उलट मण्यात ओल शिरली तर रेझिस्टन्स कमी, यंत्राला वाटतं गरम आहे, ते चालतच राहतं. इकडे बिल वाढतं. मेकॅनिकने बोर्ड बदलायला सांगितला की आधी म्हणा, "कनेक्टर काढून, साफ करून, पुन्हा लावून दाखवा." मणी स्वतः दीड-दोनशे रुपयांत मिळतो.

बाथरूमच्या बल्बचं गणित एकदम अचूक. सेन्सर तिथेच लावावा जिथे माणूस दिवा विसरतो.

---

सचिव_नाईलाजाने | १० मार्च, दुपारी १:१५

जिथे माणूस विसरतो? सोसायटीचा जिना! नाव वाचून कळलं असेलच, सभेला उशिरा पोचलो आणि सचिव झालो.

सात मजले, मजल्यावर दोन, २० वॅटच्या चौदा ट्यूब, संध्याकाळी सात ते सकाळी सात. दिवसाला ३.३६ युनिट, महिन्याला शंभर. सेन्सर लावल्यावर प्रत्येक ट्यूब रात्रीतून फार तर दोन तास पेटते. १७ युनिट, अधिक चौदा राखणदारांचा पगार ५ युनिट (उगीच_शंका यांच्या दराने). म्हणजे ७८ युनिट वाचले. वार्षिक सभेत मी हा आकडा सांगितला तेव्हा टाळ्या अपेक्षित होत्या. तिसऱ्या मजल्यावरचे काका म्हणाले, "आमच्या मजल्यावरचा रात्रभर चालूच असतो."

खरंच असायचा. दोनदा सेन्सर बदलला. मग एका रात्री मीच जिन्यात बसलो. मांजर नाही, माणूस नाही, तरी दिवा पेटतोय. शेवटी लक्षात आलं, पॅसेजच्या खिडकीतून एका फ्लॅटच्या एसीच्या आउटडोअरचा गरम झोत नेमका सेन्सरवर यायचा. हे सेन्सर माणूस ओळखत नाहीत, हलणारी उष्णता ओळखतात. सेन्सर समोरच्या भिंतीवर नेला, तंटा मिटला. तो फ्लॅट कोणाचा होता? तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचाच.

टाकीची कथा याहून मोठी आहे, सवडीने लिहितो.

---

नेरुळची_काकू | १० मार्च, दुपारी ३:४०

अहो सोल्डरगन, माझं वॉशिंग मशीन बघा ना. वरून कपडे टाकायचं, फुल्ली ऑटोमॅटिक. दुकानात सांगितलं होतं, आपोआप कपड्यांचं वजन बघतं आणि तेवढंच पाणी घेतं. कुठलं काय! चार शर्ट टाकले तरी काठोकाठ भरून घेतं. सुनेचं म्हणणं, बिघडलंय, बदलूया. माझं म्हणणं, दोनच वर्षं झालीत.

मी कपडे कसे टाकते तेही सांगते. कॉलर आणि बाह्या आधी साबणाने घासून, बादलीत तासभर भिजवून, मग मशिनमध्ये. नुसतं मशिनने कॉलर निघत नाहीत हे कोणीही सांगेल.

---

सोल्डरगन | १० मार्च, दुपारी ४:२५

काकू, मशीन अजिबात बिघडलेलं नाही. तुम्ही त्याला फसवताय!

पाणी सोडायच्या आधी मशीन थोडं घुर्र घुर्र करून थांबतं, तीन-चार वेळा, पाहिलंय ना? तो त्याचा वजनकाटा. आत काही तराजू नसतो. खालची चकती कोरड्या कपड्यांसकट थोडी फिरवायची, मोटरची वीज तोडायची आणि ती किती लवकर थांबते ते बघायचं. जड ओझं लवकर थांबवतं. त्यावरून तो पाण्याची पातळी ठरवतो. तुमचे भिजवलेले शर्ट पाणी पिऊन जड झालेले, त्याला वाटतं चादरी आल्यात.

भिजवणं सोडू नका, पाण्याची पातळी बटणाने स्वतः निवडा. आणि मशीन सुरू झाल्यावर "हा एक टॉवेल राहिला" असं करून टाकत जाऊ नका, वजन तोवर झालेलं असतं.

पाणी कुठवर आलं हे कळायचं तंत्र तर मला फार आवडतं. टबच्या तळाशी एक छोटी कुपी, तिच्यातून पेनच्या रिफिलपेक्षा जाड रबरी नळी वर जाते. पाणी चढलं की कुपीतली हवा दाबली जाते, तो दाब वरचा सेन्सर मोजतो. पाण्याला हात न लावता पाणी मोजलं! पण ती नळी निसटली, चिरली किंवा कुपीत साबणाचा चोथा बसला की दाब वर पोचत नाही, आणि मशीन पाणी घेतच राहतं. तुमच्याकडे भरल्यावर थांबतं ना? मग नळी ठीक आहे.

---

नेरुळची_काकू | १० मार्च, दुपारी ४:५०

थांबतं हो. सुनेला वाचून दाखवलं. ती म्हणते, "म्हणजे आई, मशीन नाही, तुम्ही बदला." बघा कशी आहे.

---

तलावपाळीची_सखी | १० मार्च, संध्याकाळी ६:१०

काकू, हसून हसून पुरेवाट!

आमच्याकडे भांडी घासायच्या मशिनचं असंच झालं होतं. मी सवयीने प्रत्येक भांडं विसळून, जवळजवळ घासूनच आत लावायची. ऑटो ठेवलं की तो पाणी किती गढूळ झालंय ते प्रकाशाने बघतो. माझं पाणी स्वच्छ, त्यामुळे तो लवकर उरकायचा, आणि खाली ठेवलेली एकुलती एक फोडणीची कढई तेलकटच राहायची. आता फक्त खरकटं काढते, बाकी त्याच्यावर सोडते. कढई निघते.

(७ म्हणजे जास्त गार, हे सासूबाईंचंच मत होतं. मी माझा पक्ष विसर्जित केला.)

---

खारघरचा_वारा | १० मार्च, रात्री ९:३०

एसीवाल्यांनी इकडे लक्ष द्या. गेल्या मे महिन्यातली गोष्ट. इन्व्हर्टर एसी, २६ वर ठेवलेला, तरी खोलीत कुडकुडायला होतं आणि आउटडोअर थांबायचं नाव नाही. दोन मेकॅनिक येऊन गेले. एकाने गॅस जास्त म्हटलं, दुसऱ्याने कमी.

तिसरा आला, तरुण पोरगा. त्याने एसीला हात लावण्याआधी विचारलं, "रिमोट कुठे असतो?" रिमोट खिडकीच्या कट्ट्यावर, पश्चिमेचं ऊन तिथेच येतं. आमच्या रिमोटवर माणसाचं चिन्ह असलेलं एक बटण आहे, ते चुकून दाबलं गेलेलं. त्याने एसी भिंतीवरचा स्वतःचा सेन्सर सोडून रिमोटमधल्या सेन्सरचं ऐकतो. रिमोट बिचारा उन्हात तापून एसीला दर काही मिनिटांनी कळवतोय, मेलो मेलो, अजून गार कर!

पोराने बटण दाबलं, फी घ्यायला लाजला. मी बळेच दिले.

---

सोल्डरगन | १० मार्च, रात्री १०:००

या पोराचा नंबर व्यक्तिगत निरोपात पाठवा, शिष्य करून घेतो. नाहीतर मीच त्याचा होतो.

भिंतीवरच्या एसीचा मुख्य मणी जाळीच्या मागे, आत ओढल्या जाणाऱ्या हवेच्या वाटेत प्लास्टिकच्या चिमट्यात बसवलेला असतो. दुसरा मणी तांब्याच्या टोपीत, गॅसच्या पाइपला चिकटलेला, तो कॉइल गोठू नये म्हणून. सर्व्हिसिंगला पाण्याचा प्रेशर मारतात तेव्हा पहिला चिमट्यातून निसटतो आणि गार कॉइलला टेकतो. मग एसी दोन मिनिटांत "झालं गार" म्हणून झोपतो आणि आपण म्हणतो गॅस संपला. सर्व्हिसिंग झालं की जाळी उघडून त्या मण्यावर एक नजर टाकाच.

तसंच एसीसमोर पडदा किंवा खाली फॉल्स सीलिंगची खोबण असेल तर गार हवा बाहेर न जाता परत आतच ओढली जाते. मण्याला वाटतं काश्मीर, पलंगावर मात्र आपलं खारघरच.

२०२० च्या जानेवारीपासून स्टार लेबलवाले नवे एसी सुरू करताना २४ वर येतात, ते बीईई, म्हणजे केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमामुळे. एक अंश वर ठेवला की सुमारे सहा टक्के वीज वाचते असं त्यांचंच म्हणणं आहे. पण ते २४ मण्याच्या जागेवरचे २४ असतात, तुमच्या उशीवरचे नव्हेत. उशीशी साधं थर्मामीटर ठेवून एकदा फरक बघा.

---

उगीच_शंका | १० मार्च, रात्री १०:२०

बघा, आता आपण इतका वेळ काय करतोय? सेन्सर आपल्यासाठी राबणार होता, आपण सेन्सरसाठी राबतोय. कधी त्याला ऊन लागतं, कधी वारा, कधी चिमट्यातून पडतो.

गीझरचं कोणी बोलेल का? तिथे तरी शांतता आहे का?

---

कोलशेतकर | १० मार्च, रात्री १०:५५

गीझरचं मी करून पाहिलं, मीटररूमची चटक लागलीय आता. १५ लिटर पाणी २५ अंशावरून ६० वर न्यायला ०.६ युनिट लागतं, हे कुठल्याही सेन्सरने कमी होत नाही. पाणी तापवायला लागते तेवढी वीज लागतेच. थर्मोस्टॅट फक्त पुढचं वाचवतो. आपण चालू ठेवून विसरलो तर तो तोडतो, मग पाणी निवलं की पुन्हा जोडतो, पुन्हा तोडतो. त्यात उष्णतेची थोडी थोडी गळती होत राहते. आम्ही ६५ वर तापवून त्यात गार पाणी मिसळून अंघोळ करायचो. आता बटण ५० वर आणलं आणि अंघोळीआधी पंधरा मिनिटं लावतो. गीझरचा सगळ्यात चांगला सेन्सर अजून तरी आईची हाक आहे, "गीझर बंद केला का रे?"

बाकी उगीच_शंका, तुमचा मुद्दा मला पटलाय, निम्मा. माझ्या फ्रिजमध्ये साडेनऊशे रुपयांत जो मिटला तो बिघाड आजीच्या फ्रिजमध्ये झालाच नसता. पण आजी घरी होती. आमच्या घरी सकाळी आठ ते रात्री आठ कोणी नसतं, रविवारी पातेलं कोण ठेवणार? आणि आजीला डोळ्यासमोर बर्फ दिसायचा. माझा पत्र्यामागे होता.

---

सचिव_नाईलाजाने | ११ मार्च, सकाळी ८:०५

टाकीची कथा.

गच्चीवरच्या टाकीत आम्ही पाण्याची पातळी ओळखणारे स्टीलचे दांडे लावले होते. पाणी दांड्याला टेकलं की त्यातून बारीक करंट जातो, पंप बंद. वर्षभर सुरेख. मग घोडबंदर पट्ट्यात आम्हाला उन्हाळ्यात टँकर घ्यावे लागले, आणि टँकरच्या पाण्याचा क्षार दांड्यांवर पांढरा जाड थर देऊन बसला. क्षारातून करंट जात नाही. टाकी भरली तरी दांडे म्हणतात रिकामी. पहाटे पावणेपाचला गच्चीवरून धबधबा, सातव्या मजल्यावरच्या वहिनींचे वाळत घातलेले कपडे पुन्हा धुतले गेले.

पाच एचपीचा पंप तासाला चार युनिट सहज खातो. रोज अर्धा तास जास्त चालला तर महिन्याला साठ युनिट, म्हणजे जिन्यात वाचवलेले ७८ जवळजवळ टाकीने गिळले. आणि टँकरचं विकतचं पाणी गटारात, तो हिशोब तर मी सभेत मांडलाच नाही.

आता दांडे काढून चुंबकाचा तरंगता गोळा बसवलाय. पाणी चढलं की गोळा दांडीवर वर सरकतो, आत लोहचुंबक, दांडीच्या पोटात खटका. करंट पाण्यातून जातच नाही, त्यामुळे क्षाराने तो बहिरा होत नाही. गोळा जड होऊन अडकू नये म्हणून दर दोन महिन्यांनी पुसायचा, तेवढं वॉचमनच्या कामात लिहून ठेवलंय. खालच्या टाकीतही एक लावला, तळाशी पाणी नसेल तर पंप कोरडा चालू नये म्हणून.

---

नेरुळची_काकू | ११ मार्च, दुपारी १२:३०

आज पातळी हाताने निवडली. पाणी निम्म्यावर थांबलं, चार शर्ट स्वच्छ निघाले. कॉलर मात्र मी आधी घासल्याच होत्या. सुनेला ते सांगितलेलं नाही.

---

कोलशेतकर | १८ मार्च, रात्री ९:१५

आठवड्यानंतर अपडेट. फ्रिज आता साधारण चोवीस मिनिटं चालतो आणि छत्तीस मिनिटं गप्प बसतो. गप्प बसल्याचा आवाज इतका गोड असतो हे माहीत नव्हतं. दूध टिकतंय. दूधवाल्याची माफी मागितली, तो म्हणाला, "साहेब, मला कळलंच नव्हतं तुम्ही चिडलायत." बिल अजून यायचंय, आलं की आकडा टाकतो.

सचिवसाहेब, टाकी कशी आहे?

---

सचिव_नाईलाजाने | १८ मार्च, रात्री ९:४०

टाकी उत्तम. पंप रोज आपोआप बंद होतो. वॉचमन तरी रोज पहाटे फोन करतो, "साहेब, पंप आपला आपण बंद झाला. मी पण खटका पाडून ठेवलाय." आणि मग दुपारी पाणी का नाही म्हणून सात मजल्यांवरून मला फोन येतात.

उद्या त्या खटक्यावर चिकटपट्टी लावतोय.